खाडीत दिसेल असा नारिंगी

"तुम्ही नोकरीत काय करत होतात?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "रंग बघत होते." समोरचा माणूस, विशेषतः बाई असली तर, लगेच साड्यांवर जातो. एका लग्नात एका अनोळखी बाईंनी मला बाजूला घेऊन पिशवीतला ब्लाऊजपीस काढला आणि जरीच्या काठाला जातोय का ते बघायला सांगितलं. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, की बाई गं, मी रबराचे रंग बघत होते, आणि तेसुद्धा पाण्याखाली कसे दिसतील ते. त्यांनी ब्लाऊजपीस घडी घालून परत ठेवला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा रबराचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन शेड, एक ऑफिस आणि एक कडुनिंब. नळाचे वॉशर, यंत्रांची बुशं असला किरकोळ माल निघायचा आणि त्याच्या जोडीला फिन्स. फिन म्हणजे पाणबुडे आणि पोहणारे पायात घालतात तो लांब, चपटा रबरी पंजा. पाय हलवला की तो पाणी मागे ढकलतो आणि माणूस पुढे सरकतो. आमच्याकडे त्यांना सगळे पंजेच म्हणायचे. मी रसायनशास्त्राची पदवीधर. या पंज्यांना कुठला रंग द्यायचा, आणि दिलेला रंग उडू नये, पिवळा पडू नये, डागाळू नये म्हणून काय करायचं, हे माझ्याकडे होतं. "एवढ्याचा पगार देतात?" असं माझ्या नणंदेनं एकदा विचारलं होतं. देतात बाई, मी म्हटलं, आणि वेळेवर देतात.

आता हा रंगाचा मामला काय आहे ते थोडक्यात सांगते. दुकानात भिंतीवर टांगलेला रंग आणि पाण्यात उतरलेला रंग यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पाणी रंग खातं. सगळ्यात आधी लाल खातं. चांगला कुंकवासारखा लाल पंजा खोल नेलात की काळपट दिसतो. निळा आणि हिरवा टिकतात, पण ते पाण्यातच मिसळून जातात, म्हणजे टिकून उपयोग नाही. पिवळा आणि नारिंगी, त्यातही ते डोळ्यात घुसणारे फ्लुरोसंट, हे मात्र आतून पेटल्यासारखे दिसतात. दुखणं असं, की जो रंग पाण्यात सगळ्यात चांगला दिसतो, तोच उन्हात सगळ्यात आधी उडतो. काळा पंजा वर्षानुवर्षं उन्हात पडला तरी काळाच राहील, कारण त्यातली काजळीच रबराला सांभाळते. पाण्यात तो दिसत नाही एवढंच.

आमचे शेठ स्वभावानं भला माणूस, पण रंग निवडायचे भिंतीवर. त्यांना निळा आवडायचा. "पानी निळा, पंजा निळा, किती सुंदर मॅचिंग," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "शेठ, मॅचिंग होतंय तेच तर वाईट आहे. आत गेलेला माणूस दिसायला नको का?" यावर ते हसायचे आणि निळ्याची ऑर्डर लावायचे. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. गिऱ्हाईकच तसं होतं. मालवणकडे पर्यटकांना समुद्रात उतरवणारा एक तरुण यायचा. त्याला राणी रंगाचेच पंजे हवे असायचे, कारण नव्या जोडप्यांचे फोटो चांगले येतात. मी त्याला समजावलं की हा रंग खाली गेला की मळकट जांभळा होईल. त्यानं ऐकलं नाही, नेले. पुढच्या खेपेला मोबाईलवर फोटो घेऊन आला. "मॅडम, हे बघा, बायकांचे पाय वांग्यासारखे दिसतायत. नवरे कटकट करतात."

रंग उडण्याच्या तक्रारींचं तर पुस्तक होईल. कल्याणच्या पोहण्याच्या क्लासातून पांढरे पंजे पिवळे आणि चिकट होऊन परत यायचे. मी क्लोरीनला शिव्या घातल्या, साच्यातल्या उष्णतेला घातल्या, शेवटी एका सकाळी स्वतः जाऊन बघितलं. तिथल्या आया पोरांना पाण्यात सोडण्याआधी नखशिखांत खोबरेल चोपडत होत्या. रबराला तेल म्हणजे विष. त्यांना सांगितलं, तर एक म्हणाली, "अहो, मग सर्दी नाही का होणार?" पंज्याची सर्दी त्यांच्या गावीही नव्हती.

नौपाड्यातले एक निवृत्त गृहस्थ होते, रोज तलावात पोहायचे. त्यांच्या फिकट पिवळ्या पंज्यांवर तपकिरी डाग पडले. दुसरी जोडी दिली, तिच्यावरही पडले. मला उलगडेना. गृहस्थ अतिशय टापटिपीचे, पंजे गोड्या पाण्यात धुतात, सावलीत वाळवतात, सगळं मी सांगते तसं. शेवटी विचारलं, "धुता कशात?" तर म्हणाले, "घंगाळात. तांब्याच्या. तांब्यानं पाणी शुद्ध होतं ना!" तांबं रबराला लागलं की रबर तपकिरी पडतं आणि पुढं तडकतं. त्यांच्या सौभाग्यवतींना हे अजिबात पटलं नाही. घंगाळ त्यांच्या माहेरचं होतं. मी प्लास्टिकची बादली सुचवली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा पेलासुद्धा अर्धा ठेवून निघाले.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण मी हा लेख लिहायला घेतला तो हिराजीभाऊंसाठी, आणि तिथं मला हसता येत नाही.

हिराजीभाऊ डोंबिवलीच्या पश्चिमेकडचे, मोठागावच्या खाडीवरचे. पिढीजात पाण्यातली माणसं. त्यांचे वडील नुसत्या श्वासावर बुडी मारून हरवलेले नांगर काढायचे म्हणे. हिराजीभाऊ पाठीला सिलिंडर बांधून उतरायचे. पुलांचे खांब खालून तपासणं, नदीतून पाणी उचलतात तिथल्या जाळ्या मोकळ्या करणं, बुडालेली होडी, पडलेलं इंजिन, आणि कधी कधी माणूस. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीत काही अडलं की कंत्राटदार त्यांना बोलावायचे. बरोबर त्यांचा मुलगा रूपेश.

पहिल्यांदा ते आमच्या गेटवर आले तेव्हा वॉचमन त्यांना हाकलायच्या बेतात होता. मी डबा खाऊन हात धुवायला बाहेर आले होते.

"तुमीच का गो बाय त्या रंगवाल्या?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"मीच. काय हवंय?"

"मना असं पंजे पायजेत जे आमचे खारीत दिसतील. दुकानात सगलं काले नायतर निले. काला पंजा काल्या पान्यात म्हंजे काय? पोरगा पुढं उतरतो, मी मागं. मना त्याचं पाय दिसायला पायजेत."

ही त्यांच्या कामाची रीत मला त्या दिवशी कळली. खाडीत उतरताना तरुण माणूस पुढे आणि जाणता मागे. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही, त्यानं काम बघायचं. मागच्यानं काम बघायचं नाही, त्यानं पुढच्याचे पंजे नजरेतून सोडायचे नाहीत. पंजे एका लयीत हलतायत तोवर पोरगा ठीक. लय बिघडली की पुढं व्हायचं आणि धरायचं. मी विचारलं, दोर नसतो का? असतो, पण पुलाच्या खांबाशी सळया असतात, फाटकी जाळी असतात, वाहून आलेली झाडं असतात, आणि दोर त्यात गुंतला की तोच गळफास होतो. म्हणून दोर कमरेलाच गुंडाळलेला आणि भरवसा डोळ्यांवर.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी रंग भिंतीसाठी मागत नव्हतं. मला अक्षरशः हुरूप आला. शेठ म्हणाले, एका जोडीसाठी कुठे रंग लावतेस? मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत लावते. टेम्पोवाल्याकडून खाडीचं पाणी मागवलं. एक पिंप आतून काळं रंगवून घेतलं, कारण पिंपाच्या निळ्या रंगाचीच भूल पडते. त्यात ते पाणी भरलं आणि रबराचे रंगीत तुकडे दोरीला बांधून एकेक खाली सोडायला लागले. कामगार, क्लार्क, वॉचमन, चहावाला, सगळ्यांना पिंपाभोवती उभं केलं. तुकडा दिसेनासा झाला की हात वर करायचा. लाल सगळ्यात आधी गेला. निळा-हिरवा त्याच्यामागून. पांढरा बराच वेळ दिसला, पण वॉचमन म्हणाला, "बाई, खाडीत पांढरं म्हणजे पिशवी. कोण लक्ष देणार?" खरं होतं त्याचं. स्वच्छ पाण्यात भाव खाणारा पिवळा आमच्या खाडीच्या पाण्यात चिखलाशी तडजोड करून बसला. नारिंगी मात्र शेवटपर्यंत दिसत राहिला. त्याच्या कडेला मी काळा पट्टा दिला, म्हणजे पाय हलला की नारिंगी आणि काळं असं लुकलुकत राहतं.

तेही सरळ झालं नाही. काळ्या रबरातलं द्रव्य शेजारच्या नारिंगीत उतरून तिथं तपकिरी छटा यायला लागली. पुष्कळ प्रयोग करून काळ्या रबरातलं एक औषध बदललं, तेव्हा कुठे कड स्वच्छ निघाली. हिराजीभाऊंनी पंजे पायात न घालता आधी छातीशी धरून बघितले. खाडीत जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी गेटवर हजर, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मोठा जिताडा. आम्ही मासे खाणारे, त्यामुळे जिताड्याची किंमत मला ठाऊक होती.

"बाय, पोरगा दिव्यासारखा दिसतो गो," ते म्हणाले.

मला नोकरीत बढत्या मिळाल्या, शेठनी दिवाळीला साड्या दिल्या, पण यासारखं बक्षीस पुन्हा मिळालं नाही. आपला रंग एका बापाला त्याचा मुलगा दाखवतो, याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

तो रंग पुढे चांगला चालला. किनाऱ्यावरचे आणखी काही पाणबुडे तो मागून न्यायला लागले. शेठ त्याला खाडीवाला म्हणायचे. हिराजीभाऊ दर वर्षी नवी जोडी न्यायला यायचे. मग एका वर्षी तक्रार घेऊन आले. रंग उडतोय. मी पंजे हातात घेतले आणि बघताक्षणी ओळखलं, हे उन्हाचं काम. त्यांची बायको, जिजावहिनी, पंजे धुऊन मासळी सुकवायच्या बांबूच्या मांडवावर घालत होती. तिच्या दृष्टीनं खाडीतून आलेली प्रत्येक वस्तू कडक उन्हात खडखडीत वाळली पाहिजे, नाहीतर कुजते. बोंबलाला ते बरोबर आहे. पंज्याला नाही. मी तिला घरी जाऊन समजावलं. ती हसून हसून बेजार. "म्हंजे नवऱ्यापरीस पंज्याला जास्त सावली!" पण तेव्हापासून पंजे तिच्या माजघरात, खुंटीला, सुती फडक्यात.

दोनेक वर्षांनी पुन्हा तीच तक्रार. रंग उडतोय बाय, आधीसारखा दिसत नाय. या वेळी मला फारसा फरक वाटला नाही, पण पाणबुड्याचा डोळा माझ्यापेक्षा जाणता, असं समजून मी रंगद्रव्याचा पुरवठादार बदलला. पुढच्या वर्षी पुन्हा. मी नारिंगी आणखी भडक केला. त्यांनी नेला, आणि त्याबद्दल काही बोलले नाहीत.

मग मी निवृत्त झाले. शेठचं वय झालं होतं, त्यांच्या मुलानं पंजे बनवणं बंद केलं. तयार माल बाहेरून स्वस्तात येतो, इथं रबर कशाला मळत बसायचं, हा त्याचा हिशोब, आणि तो चूक होता असं मला म्हणता येत नाही. माझ्या कपाटात राखीव जोड्या होत्या. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका वेळी मळलेल्या रबरातली, एक जोडी न वापरता काळ्या कागदात गुंडाळून उजेडापासून लांब ठेवायची, म्हणजे तक्रार आली की तिच्याशी ताडून बघता येतं. शेठचा मुलगा म्हणाला, "काकी, तुम्हीच न्या ना घरी, इकडे भंगारात जाणार." मी नेल्या. आमच्या ह्यांनी माळ्यावर जागा करून दिली आणि म्हणाले, "बायका माहेरचे दागिने आणतात, तू पंजे आण."

त्यानंतर एके सकाळी हिराजीभाऊ घरी आले. पत्ता विचारत विचारत आले होते. दारातल्या पायरीला अडखळले, मला वाटलं चपलेचा बंद सैल असेल. हातात जुनी जोडी, शेवटची, मी बनवलेली.

"बाय, हे बगा. राखेवानी झालाय रंग. आता कारखाना बी नाय. काय करू?"

मी पंजे घेतले. रंग जिथल्या तिथं होता. वापरलेला, ओरखडे पडलेला, पण नारिंगी तो नारिंगीच. आमच्या धंद्यात रंग ताडून बघायची एक पद्धत आहे. उत्तरेच्या उजेडात बघायचा, ऊन नको, दिवा नको, आणि एका माणसाच्या डोळ्यावर कधी भिस्त ठेवायची नाही, दोन माणसांनी बघायचं. आमची गॅलरी उत्तरेची आहे. मी माळ्यावरून राखीव जोडी काढवली, काळा कागद सोडला, दोन्ही शेजारी ठेवल्या. ह्यांना बोलावलं. ह्यांनी चष्मा पुसून बघितलं. "सारखेच आहेत की गं. हा जरा खरचटलाय."

मी राखीव जोडीतला एक पंजा, ज्यानं आजवर ऊन बघितलं नव्हतं, तो हिराजीभाऊंच्या हातात दिला. "हा बघा बरं."

त्यांनी मान वाकडी केली, पंजा डोळ्यांसमोर इकडे-तिकडे फिरवला आणि म्हणाले, "हा तर त्याचे परीस जास्त फिका झालाय गो."

दोष रंगात नव्हता. ह्यांना अजून कळलं नव्हतं. हिराजीभाऊंना चहा ठेवला होता, तो त्यांच्या उजव्या कोपराशी होता, आणि ते समोर चाचपत होते. मी कप उचलून त्यांच्या हातात दिला. इतकी वर्षं मी रबराकडे बघत होते.

मी त्यांना ठाण्याला, नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. हिराजीभाऊ यायला तयार नव्हते. "पंजा बिघरलाय आन तुमी मना दवाखान्यात नेता," असं म्हणत राहिले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाले. हिराजीभाऊंनी फार कमी वेळा बटण दाबलं. काचबिंदू. डोळ्याच्या आतल्या दाबानं शीर हळूहळू मरत जाते. आधी कडेचं दिसणं जातं, रंग फिके होत जातात, आणि माणसाला वाटतं जगच फिकं झालंय. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेलं थेंबांनी सांभाळायचं. "आणि पाण्यात उतरायचं बंद. आजपासून."

बाहेर पडल्यावर हिराजीभाऊ दवाखान्याच्या जिन्यावरच बसले. मीही बसले. नौपाड्यातले लोक आमच्याकडे बघत वरखाली करत होते.

"बाय, तुमी अजून थोरा भरक रंग करा," ते म्हणाले. "एक जोरी करा. तवा दिसंल."

"भाऊ, रंग वाढवून डोळा नाही वाढत."

मग म्हणाले, "मंग रूपेशला सांगू नका."

"का?"

"त्याला कललं का मना दिसत नाय, तर तो मना घरी बसवंल आन एकटा उतरंल. कंत्राटदार दुसरा मानूस देनार नाय. आमचे गावात आता कोन उतरतो? सगली पोरा गारी चालवतात. मी मागं हाय म्हनून तो पुढं जातो गो. मना दिसो नाय दिसो, त्याला वाटतं बाप मागं हाय."

त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. बाप मागे आहे या भरवशावर मुलगा पुढे जातो, आणि बापाला मुलगा दिसत नाही. हे मला माहीत असताना मी गप्प बसले आणि काही झालं तर? आणि सांगितलं आणि तो एकटाच उतरला तर? मी ह्यांच्याशी बोलले. ह्यांचं एकच, "तू त्यात पडू नकोस, तो त्यांच्या घरचा प्रश्न." पण तो पंजा माझ्या घरचा होता. तो दिसतो या विश्वासावर ते दोघं खाली जात होते.

मी रूपेशला बोलावलं. कल्याणच्या पुलाचं काम चालू होतं, तिथून तसाच ओल्या केसांनी आला. तरणाबांड, बापासारखेच खांदे. मी सांगायला लागले तेव्हा तो आधी हसला. "काकी, पप्पांचं काय टेन्शन घेता? त्यांना डोळे मिटून खाडी दिसते." मग मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, "मागच्या महिन्यात जाळीत माझा पाय गुंतलेला. मी जोरात पाय झाडत होतो, पप्पा येतील म्हणून. आले नाहीत. मी स्वतःच सोडवला. वर आल्यावर विचारलं तर बोलले, तुझी मस्ती चाललेली वाटली." आणि मग तो लहान मुलासारखा रडला. मी पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

त्या आठवड्यात रूपेशनं दोघांचीही कामं सोडली. तो एकटा उतरला नाही, एवढा शहाणपणा त्यानं केला. माजिवड्याला एका मोठ्या संकुलात पोहण्याचा तलाव आहे, तिथं तो जीवरक्षक म्हणून लागला. निळ्या फरश्या, तळाशी पडलेली टाचणीसुद्धा दिसेल असं पाणी, आणि काठावर शिट्टी घेऊन बसलेला खाडीचा पाणबुडा. मला तो एकदा म्हणाला, "काकी, इथे काही शोधायचंच नसतं." पगार वेळेवर आहे, सुट्टी आहे, जिवाची भीती नाही. त्याच्या बायकोनं मला फोन करून आभार मानले. हिराजीभाऊंचा फोन आला नाही.

एकदा मी जिजावहिनीला फोन केला तेव्हा हिराजीभाऊंनी तिच्याकडून फोन मागून घेतला. "बाय," ते म्हणाले, "तुमी माजा पोर वाचवला. मी नाव नाय ठेवत. पन आता मना कोन बोलवत नाय. घरात बी मना कोन काय इचारत नाय. मी काय करू सकाली उठून?" मी काहीतरी बोलले, देवाचं, नातवंडांचं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यानंतर पुष्कळ दिवस मी फोन केला नाही. खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही.

लोक म्हणतात, तू योग्य तेच केलंस. मलाही ते कळतं. रूपेश जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि मी पुन्हा त्या जागी असते तर पुन्हा त्याला बोलावलंच असतं. तरीही मन खात राहतं. योग्य ते केलं की मन शांत होतं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मला तसा अनुभव नाही. मी बनवलेला सगळ्यात चांगला रंग आता कुणी पायात घालत नाही, मोठागावच्या खाडीत आता कुणी उतरत नाही, आणि या दोन गोष्टींतली दुसरी माझ्या एका वाक्यानं झाली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी शेवटी धीर करून गेले. हिराजीभाऊ खाडीच्या धक्क्यावर बसले होते, डोक्याला रुमाल, हातात काठी. जिजावहिनी म्हणाली रोज तिथंच बसतात, भरती कधी लागली ते नुसत्या वासावरून सांगतात. दिसणं आता फारच कमी झालं होतं. माझी सावली पडली तरी त्यांनी मान वळवली नाही. मी हाक मारली तेव्हा ओळखलं.

"या बाय. बसा."

मी बसले. रूपेश बरा आहे, नात शाळेत जाते, थेंब वेळेवर घालतात, एवढं बोलून झालं. भरतीचं पाणी धक्क्याला लागलं होतं. थंडीत, वारा पडला की, क्वचित एखाद्या दिवशी खाडी निवळते, असं मी ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. त्या दिवशी निवळली होती. हिरवंगार पाणी, धक्क्याच्या पायऱ्या खालपर्यंत दिसत होत्या, त्यांच्यावरचं शेवाळ, एक बुडालेली टोपली, तिच्याभोवती फिरणारे बारीक मासे. त्या पाण्यात माझा नारिंगी किती लांबून दिसला असता, याचा अंदाज मी न ठरवता मनातल्या मनात केला.

"बाय," हिराजीभाऊ म्हणाले, "आज पान्याचा रंग कसा हाय? तुमाला बरोबर कलंल. घरच्यांना इचारला तर नुसतं बरा हाय, बरा हाय करतात."

मी पाण्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"गढूळ आहे भाऊ," मी म्हटलं. "फार गढूळ. चिखल नुसता."

त्यांनी मान डोलावली. खांदे जरा सैल पडले. "मंग आज कोनालाच काय दिसला नसता."

"कुणालाच नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी त्या हिरव्या पाण्याकडे बघत बसून राहिले.